अर्धा पेला पन्हं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. तुमच्याजवळ बोलते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्यांचं माझ्याबद्दलचं मत फार चांगलं आहे — आणि अडचण तिथेच आहे.

धुळ्यात आमच्या कॉलनीत कुणाकडे मोठं आजारपण आलं, की लोक मला विचारायला येतात. पथ्य कसं सांभाळायचं, गोळ्यांच्या वेळा कशा लावायच्या, भेटायला येणाऱ्यांना कसं आवरायचं. मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची यादी, प्रवासाची यादी, दिवाळीच्या साफसफाईची यादी. माझ्या सासूबाई, अक्का, मूत्रपिंडं निकामी झाल्यावरही दोन वर्षं जगल्या, त्या माझ्या शिस्तीमुळे — असं सगळे म्हणतात. त्यात खोटं काही नाही. निदान शेवटचा आठवडा सोडला तर.

ज्यांच्या घरी हे झालेलं नाही त्यांना कल्पना येत नाही. मीठ बंद, हे लोकांना समजतं. पण पाणी? साधं पिण्याचं पाणीसुद्धा मोजून द्यायचं, हे सांगितलं की लोक आपल्याकडे कसाई बघावा तसे बघतात. पण शरीरातून बाहेर पडायची वाट बंद झालेलं पाणी जाणार कुठे? आधी पायांत उतरतं, मग छातीत चढतं. मी रोज सकाळी अक्कांची एक बाटली भरायची. दिवसभराचं सगळं त्यातून. गोळ्यांचं पाणी त्यातून, चहाही त्यातच धरलेला, वरण जास्त पातळ झालं तर तेही वजा. तहान फारच लागली तर चूळ भरून टाकायची, नाहीतर बर्फाचा एक खडा चघळायचा. भेटायला येणारे हमखास शहाळी घेऊन यायचे, आणि ह्या आजाराला नारळपाणी तर विषासारखं. मी ती शहाळी त्यांच्यासमोर गोड बोलून ठेवून घ्यायची आणि नंतर शेजारी वाटून टाकायची.

अक्का नरडाण्याजवळच्या खेड्यातल्या. शेतातून आल्या की तांब्या उंच धरून घटाघटा पिणाऱ्या. दारात आलेल्या पोस्टमनलासुद्धा पाणी प्यायल्याशिवाय त्यांनी कधी जाऊ दिलं नाही. त्यांच्यासमोर कुणी पाणी पिऊ नये म्हणून मी माठ ओट्यावरून काढून मागे नेला. पाहुण्यांना बाहेरच पाणी द्यायची. तरी रस्त्यावरच्या रसवंतीची घुंगरं त्यांच्या खिडकीत ऐकू यायचीच. ती मला बंद करता आली नाहीत. अक्का कुरकुर करायच्या, कधी मला 'कलेक्टर' म्हणायच्या, पण ऐकायच्या. माझ्यावर त्यांचा जीव होता. छळणारी सासू असती तर हे सांगणं मला सोपं गेलं असतं, नाही का?

मग तो उन्हाळा आला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवडाभर आधी डायलिसिस चालू असतानाच अक्कांचा रक्तदाब एकदम पडला. हे — माझे यजमान — त्यांना घेऊन बाहेर रिक्षात बसले, आणि डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. म्हणाले, हृदयाला आता डायलिसिस झेपत नाही, पुन्हा आणू नका. आणि मग, पेन खाली ठेवून, म्हणाले, "आता पाण्याचं मोजमाप सोडा. मागतील ते द्या. त्याने आता काही बिघडणार नाही, त्यांना बरं तरी वाटेल."

मी मान डोलावली. बाहेर आले. रिक्षात बसताना ह्यांनी विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, अशक्तपणा आहे, थोडे दिवस डायलिसिस नको. आणि पाणी? — पाण्याचं आहे तसंच.

का म्हणाले मी असं? ह्याची कारणं मी पुष्कळ जमवली आहेत. पाणी मोकळं केलं असतं तर सगळ्यांना शेवट कळला असता, अक्कांनाही. डॉक्टरांनी हात टेकले तरी आपण टेकायचे नाहीत, असंही वाटलं. पण ही सगळी नंतर सुचलेली कारणं. त्या क्षणी मनात काय होतं? — दोन वर्षं मी जे घट्ट धरलं होतं, ते सोडायला मला कुणीतरी सांगत होतं, आणि मला ते सोडायचं नव्हतं. घर माझ्या शब्दावर चालत होतं. एवढंच होतं. एवढंच.

आखाजीला नणंद आली. मंदाताई, भुसावळला असतात, ह्यांच्याहून मोठ्या. आमच्या खानदेशात आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. पाण्याने भरलेली घागर, वर आंबा. मी सासऱ्यांच्या नावाची घागर पुजली. अक्का खाटेवरून बघत होत्या. ओठांवर सालं आलेली. शांतपणे म्हणाल्या, "मरेलस्ले घागर भरी देस, अन माले जित्तीले घोटभर नही."

मंदाताई हसायला गेल्या आणि त्यांना रडू आलं. त्या पेला घेऊन उठल्या. मी त्यांच्या हातातला पेला धरला. म्हटलं, "ताई, छातीत पाणी भरेल. तुम्ही उद्या भुसावळला निघून जाल, निस्तरायचं मला आहे."

त्यांनी पेला खाली ठेवला.

अक्का दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. शेवटचे दोन तास श्वास लागला होता. तो लागणारच होता — डॉक्टरांनी तेही सांगितलं होतं.

तेराव्यानंतर मंदाताई स्वयंपाकघरात आल्या आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, वाटणीचं काही असेल. पण ते नव्हतं. म्हणाल्या, आखाजीला दुपारी तू पुरणपोळ्या करत होतीस तेव्हा मी आईला अर्धा पेला पन्हं दिलं. तुझं न ऐकता दिलं. आई प्यायली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "जीव थंडा व्हयना." मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सुनंदा, माझ्या हातानं गेली ना गं आई?"

आता सांगा, काय म्हणायला हवं होतं? एकच वाक्य लागत होतं. 'ताई, डॉक्टरांनी परवानगी दिली होती.' ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण त्याच्या मागून दुसरा प्रश्न आला असता — मग तू का नाही दिलंस? आठवडाभर तू का नाही दिलंस?

मी म्हटलं, "जाऊ द्या ताई. तुम्ही काही मुद्दाम केलं नाही."

बघितलंत? मी त्यांना माफ केलं.

थोरली नणंद धाकट्या भावजयीच्या पाया पडत नाही आमच्यात. मंदाताई पडल्या. मी त्यांना पडू दिलं. वर, मी हे कुणाला सांगणार नाही, असा शब्दही दिला. तो मी पाळला आहे.

त्या शेवटच्या आठवड्यात अक्कांना सुखाचा असा एकच घोट मिळाला, आणि तो त्यांच्या लेकीनं दिला. त्या घोटाचं ओझं लेक वाहते आहे. त्यांनी तेव्हापासून पन्हं सोडलं. नातवंडांनी आग्रह केला की म्हणतात, मला सोसत नाही. त्यांच्या धाकट्या मुलीने मला एकदा सांगितलं, की आई झोपेत आजीची माफी मागते, आणि का ते सांगत नाही. मी म्हटलं, वय झालं की होतं असं. तिला एका चांगल्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं, सोबत न्यायच्या कागदांची यादी करून दिली.

ह्या आखाजीला मंदाताई आल्या होत्या. निघताना माझ्यासाठी आणलेली साडी त्यांनी पुढे केली. हिरवी, बारीक काठाची. म्हणाल्या, तू आईला सांभाळलंस, आणि मलाही सांभाळून घेतलंस. घरात सगळे होते, हे होते. मी साडी घेतली. परवा एका लग्नाला नेसलेसुद्धा.