बापाच्या पायावरचं अंडं

मी एकदा कोंबड्याला अंड्यांवर बसवलं होतं.

आधी हसून घ्या, मग पुढे वाचा. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते, म्हणजे तशी अल्लडच. जन्मभर कोंबड्या पाळलेल्या. अंडी देणं थांबवून उबवायला बसते तिला आम्ही खुडूक कोंबडी म्हणतो. नुसत्या कुरकुरीवरून मी सांगायची, ही खरंच बसणार की नाटक करून राहिली. आसपासच्या बाया त्यासाठी मला बोलवायच्या. आणि त्या मोठ्या जाणकार बाईने टीव्हीवर पेंग्विन पाहिले अन् होती ती अक्कल चुलीत घातली.

पाहायला सोबत नात होती, सात वर्षांची. सून नागपूरला नर्सचा कोर्स करत होती. मुलगा हैदराबाद रोडवर ट्रक चालवायचा. पांढरकवड्यावरून त्याची गाडी सारखी जायची, पण आमचं गाव हायवे सोडून आत. महिन्यातून दोन दिवस घरी यायचा, त्यातला दीड दिवस झोपायचा. उरलेल्या वेळात पोरीच्या हातात कुरकुऱ्यांचं पाकीट ठेवायचा आणि लांब खाटेवरून तिच्याकडे बघत बसायचा, दुसऱ्याच्या वावरातलं पीक बघावं तसा.

कार्यक्रम हिंदीतला होता. जिकडेतिकडे बर्फ आणि त्यात पोट पुढे काढून डुलत चाललेले पक्षी, पंगतीतून उठलेल्या व्याह्यांसारखे. त्यांची बाई एकच अंडं घालते, नवऱ्याच्या हवाली करते आणि पोट भरायला समुद्रावर निघून जाते. ती देवघेव मी श्वास रोखून पाहिली. अंडं क्षणभर जास्त बर्फावर राहिलं की गेलं. बाप ते चोचीने आपल्या पायांवर ओढून घेतो, वरून पोटाची घडी सोडतो आणि उभा राहतो. दोन महिने. खायला दाणा नाही. वारा सुटला की सगळे बाप पाठी बाहेर करून एकमेकांना चिकटतात. बाहेरचा हळूहळू आत सरकतो, ऊब घेतलेला बाहेर येतो. भांडण नाही, तंटा नाही. आमच्या नळावर हे एक दिवस जमलं नाही. बाई यायच्या आधी पिल्लू निघालंच, तर तो उपाशी बाप आपल्या गळ्यातून दुधासारखं काहीतरी काढून त्याला भरवतो. मग बाई येते, आणि हजारोंच्या गलक्यात आपला नवरा आवाजावरून ओळखते.

"आजी, त्याले भूक नाही लागत?"

"लागते ना. पण अंडं खाली ठेवता येत नाही."

पोरगी उठली, दोन्ही पाय जुळवले आणि उरलेला कार्यक्रम तशीच उभी राहून पाहिला.

त्याच आठवड्यात आमची कोंबडी अकरा अंड्यांवर बसली. नातीने फोन लावून बापाला सांगितलं, "बाबा, पिल्लं निघतील तवा येजो." तो म्हणाला, "येतो." एवढंच. तिने दाराच्या फळीवर कोळशाने रेघा ओढायला घेतल्या, रोज एक. एकवीस झाल्या की पिल्लं, आणि पिल्लं म्हणजे बाबा.

बाराव्या दिवशी मुंगसाने कोंबडी नेली. अंडी अजून कोमट होती. मी गल्लीतली घरं पालथी घातली, एकाही घरी खुडूक नाही. परत आले तर नात टोपल्याजवळ बसलेली, दोन्ही हात अंड्यांवर.

"पिल्लं नाही निघाली तं बाबा कायले येईन?"

ते ऐकून माझं डोकं फिरलं. नाहीतर काय! उंबऱ्यावरच्या कोंबड्याला धरलं आणि अंड्यांसकट डाल्याखाली कोंडलं. डालं म्हणजे कोंबड्या झाकायचं बांबूचं मोठं टोपलं. मनात हिशेब असा की तिकडचा बाप बसतो, तर इकडच्याला काय धाड भरली? अंधारात शांत होईल, खाली ऊब लागेल, जबाबदारी कळेल. वरून त्याला समजावलंसुद्धा, "बस रे बाप्पा, तुझीच आहेत."

आत कुस्त्यांची दंगल सुरू झाली. डालं उचललं तेव्हा सात अंडी फुटलेली आणि कोंबडा माझ्याच डोक्यावरून उडून कौलावर. तिथून आरवला, वर तोंड करून.

पोरगी रडली नाही. उरलेली चार अंडी फ्रॉकच्या ओच्यात घेऊन थेट आजोबांसमोर जाऊन उभी राहिली. आमचा बुढा एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. त्याने अंड्यांकडे पाहिलं, माझ्या केसांतल्या पिसाकडे पाहिलं, आणि विचारलं, "किती दिवस बसा लागते?"

"नऊ," ती म्हणाली.

कापूस नुकताच वेचून झालेला, आतली खोली भरलेली होती. सरकी काढून मऊ कापसाचं घरटं केलं, ते बुढ्याच्या जुन्या मफलरीत ठेवलं, मफलर मांडीवर आणि वरून घोंगडी. लाइन असली की अंडी बल्बखाली, लाइन गेली की बुढ्याच्या पोटाशी. आणि आमच्याकडे लाइन असते कधी? प्रत्येक अंड्याला एका बाजूने कोळशाची खूण केली, म्हणजे दिवसातून तीनदा उलटवायचं विसरायला नको.

मी म्हटलं, "जमन का तुले?"

"बुढे, गाडीभर माणसं बसवून तीस वर्षं चालवली. मधात कोणाले पडू देलं नाही. हे तं चार हायेत."

ओट्यावर बसलेल्या बुढ्याला बघायला गाव लोटलं. "काय आबा, कितवा महिना?" कोणी विचारलं की हा घोंगडी सावरून सांगायचा, "भरत आले. तुम्ही पाळण्याचं पाहा." नात त्याला हाताने भाकर भरवायची. तो पेंग्विन नाही, स्वतःच्या हाताने जेवू शकतो, हे मी तिला दोनदा सांगितलं. तिने ऐकलं नाही, आणि त्याला तर ऐकूच आलं नाही.

विसाव्या दिवशी सकाळी दोन अंड्यांतून आवाज आला. कानाशी धरलं की बारीक, चिडलेला चिवचिवाट. एकावर टीचही पडली होती. नातीने फोन लावला, अंडं फोनला लावलं आणि काही न बोलता ठेवून दिला.

दुपारी मुलगा आला. ट्रक पांढरकवड्याच्या ढाब्यावर उभा करून, मिळेल त्या एसटीने. अंगणात उभा राहिला, नेहमीसारखा लांब.

"घे रे," बुढा म्हणाला. "माही कंबर गेली. मले उठू दे."

मुलगा दोन पावलं पुढे आला आणि मी मधे घुसले. "आण इकडे, बाप्या माणसाचं काम नाही ते!" बघा बाई माझी जीभ. नऊ दिवस माझ्या डोळ्यांदेखत एक बाप्या माणूस तेच करत होता.

"आजी, बाबाले दे," नात म्हणाली. मला बाजूला करायला तिने माझा पदर ओढला होता, चांगला दोन्ही हातांनी.

मी सरकले. मुलाने हात पँटला पुसले, परत पुसले. ओट्यावर बापाच्या शेजारी बसला, ओंजळ पुढे केली. डोळे मात्र अंड्यांवर नव्हते, माझ्यावर होते.

"माय, ही झाली तवा तू मले हिले हात लावू देला नाही. आता तूच सांग, कसं धरू?"