दोन दिवस फॉरवर्ड

लग्नाआधी स्नेहलने भोरला नर्सिंगचा कोर्स केला होता. पासलीला सून म्हणून आल्यावर तिचं प्रमाणपत्र ट्रंकेच्या तळाशी गेलं. पुण्याच्या एका दवाखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं, तेव्हा तिच्या सासूबाई, सगुणाबाई, एवढंच म्हणाल्या, "एकदा जाऊन ये. न्हाई जमलं तर परत इषय काढायचा न्हाई."

मुलाखत गुरुवारी होती आणि त्याच आठवड्यात भाताची लावणी. रविवारी मोबाईलवर इंग्रजीत निरोप आला: 'इंटरव्ह्यू मूव्ह्ड फॉरवर्ड बाय टू डेज.'

तिने तो नवऱ्याला दाखवला. गोरख म्हणाला, "फॉरवर्ड म्हंजी पुढं. शनवारी गेली. बरं झालं, तवर खालची खाचरं उरकत्यात."

तिलाही बरंच वाटलं. ऐन लावणीत घर सोडायचं तिच्या जिवावर आलं होतं. मंगळवारी ती दिवसभर चिखलात वाकून होती आणि मोबाईल घरात फळीवर.

शनिवारी पहिल्या एसटीने ती निघाली. दवाखान्याच्या खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले.

"तुमची मंगळवारी होती. मेसेज केला होता ना?"

"त्यात फॉरवर्ड लिहिलंय, मॅडम."

"हो, म्हणजे अलीकडे आणली."

"आमी पुढं समजलो. नंतर."

बाई जरा घुटमळल्या. "तुमच्यासारख्या अजून दोघी आल्या सकाळपासून. पण जागा भरल्या हो."

परतताना मार्गासनीनंतर गाडी रिकामी झाली. दोन्हीकडचे डोंगर जवळ जवळ येत होते. ही गाडी कुठंतरी बंद पडावी, असं तिला वाटत राहिलं. गाडी वेळेवर पोचली.

सगुणाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. उलट स्वतः चहा टाकला, कप तिच्या हातात दिला. "जाऊ दे पोरी. आता हितंच मन लाव." इतक्या मायेने बोलल्या, की स्नेहलला भांडायलाही जागा उरली नाही.

जेवताना तिने हळूच विचारलं, "वेल्ह्याच्या दवाखान्यात तरी चौकशी करू का?"

"बघू की पुढं," गोरख म्हणाला.

"पुढं म्हंजी कधी? वार सांगा."

गोरखने आईकडे पाहिलं, भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवला. तिच्या ताटात भात वाढत सगुणाबाई म्हणाल्या, "उद्या वरची खाचरं घ्यायची हायती. लवकर ऊठ."