उंचवट्यावरचं भोक

डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपातून उताराने आमच्या घरी येतं. वाटेतल्या उंचवट्यावर हवा अडकून पाणी थांबायचं, म्हणून मीच तिथे पाइपाला बारीक भोक पाडलंय.

सोमवारी नळ कोरडा पडला. दोन दिवस विहिरीवरून हंडे आणले. मग डोंगर चढले. झरा खळाळत होता, पण भोकावर कुणीतरी रबर आवळलं होतं. मी ते विळ्याने कापलं. हवा फुसफुसली आणि पाणी सुरू झालं.

खारघरच्या धाकट्या दिरांना फोन लावला. रविवारी तेच आले होते.

"गळत होतं ना वहिनी!"

"विचारायला काय झालं होतं, भाऊजी?"

"दादाला विचारलं की."

दादा म्हणजे माझा नवरा. तो आजवर एकदाही तो डोंगर चढलेला नाही.