मिंगची आई

चर्चच्या ऑप शॉपमध्ये, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, आज जुन्या स्वेटरांतून डांबरगोळ्यांचा वास आला आणि मला न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थ गावचा तो हॉल आठवला. चीनमधल्या सिचुआनच्या भूकंपग्रस्तांसाठी आम्ही बायका तिथे लोकरीच्या कपड्यांचे गठ्ठे बांधत होतो. माझी चिनी शेजारीणही आली होती. तिचा मुलगा मिंग तिकडे आजीपाशी होता. शाळा कोसळली, त्यात तो गेला. त्याचं सगळं करून ती नुकतीच परतली होती.

आपल्याकडच्या सवयीने मी तिला नेहमी ‘मिंगची आई’ म्हणायचे. ओ द्यायलाही तिला मीच शिकवलं होतं. त्या दिवशीही तोंडून निघून गेलं, “मिंगची आई, सुतळी दे गं.”

हाक मारल्यावर मला भान आलं. आपल्याकडे अशा वेळी आईला धाकट्या मुलाच्या नावाने हाक मारतात. तिला तिकडच्या सरकारने एकच मूल होऊ दिलं होतं.

“ओ,” ती म्हणाली आणि सुतळी घेऊन आली.

“सॉरी,” मी पुटपुटले.

“तिकडे शाळा का पडली, हे विचारू देत नाहीत,” ती इंग्रजीत म्हणाली. “त्याचं नावसुद्धा कुणी काढत नाही.”

सुतळी देऊनही ती तशीच समोर उभी राहिली. मी खाली मान घालून गाठी मारत राहिले. मी पुन्हा हाक मारावी म्हणून ती थांबली होती, हे आज कळतं.