रुळापासून तीस मैलांवरची सात नंबर

सांगलीहून निघताना बायकोला सांगितलं की सरकारी कामावर चाललोय. खरं म्हणजे मी स्वतःची नोकरी शोधायला निघालो होतो, आणि ती चार चाकांवर कुठंतरी निघून गेलेली होती.

लढाईचे दिवस होते. मी रेल्वेच्या दुरुस्ती खात्यात कारकून. लायनीवरच्या ट्रॉल्या (गँगमननी रुळांवरून ढकलत न्यायच्या, लोखंडी चाकांच्या, वर लाकडी बाक असलेल्या गाड्या) दर महिन्याला प्रत्यक्ष पाहून शेरा लिहायचा, हे माझं काम. ते मी खुर्चीवरून न उठता करत असे. सात नंबरच्या ट्रॉलीपुढं सलग दोन वर्षं मी सुवाच्य अक्षरात लिहीत आलो होतो : ‘योग्य जागी. ब्रेक सुस्थितीत.’ मग पाटणकडचा एक गँगमन रजेवरून परतला आणि सहज म्हणाला, “रावसाहेब, आपली सात नंबर आमच्या शेजारच्या गावात बगितली. देवळाम्होरं.”

पाटणला रूळ नाहीत. पाटणच्या पुढं तर रस्ताही मनाला येईल तेवढाच आहे. साहेबांची तपासणी आठ दिवसांवर आलेली. तोवर ट्रॉली परत आली नाही, तर माझी जागा रिकामी होणार होती.

कऱ्हाडला आगगाडीतून उतरून पुढं मोटर धरली. पेट्रोल लढाईवर गेलेलं, त्यामुळं मोटर कोळशाच्या गॅसवर. मागं बंबासारखी भट्टी, आणि आत आम्ही हळूहळू भाजत असलेलो. चढ लागला की ड्रायव्हर आदबीनं म्हणे, “उतरा मंडळी, जरा हात लावा.” ढकलगाडी शोधायला निघालेल्या माणसाला वाटेत ढकलगाडीच भेटावी, याला योग म्हणतात.

पाटणहून कोयनेच्या काठानं दोन कोस चालल्यावर गाव आलं. भैरोबाच्या देवळापुढं, गेरू फासलेली, आंब्याच्या डहाळ्या बांधलेली माझी सात नंबर उभी होती. आकडा कुणी पुसलासुद्धा नव्हता. चोरीतली इतकी सचोटी मी प्रथमच पाहत होतो.

शेजारी आमच्याच गँगचा जुना मुकादम बसलेला. नोकरी संपवून गावी आलेला म्हातारा. मला पाहून तो दचकला नाही. “आलासा व्हय? या, आदी जेवा,” म्हणाला. नाचणीची भाकरी आणि मसुराची आमटी माझ्या पोटात गेल्यावर त्यानं हकिगत सांगितली. ट्रॉलीचा आस वाकला होता. तेव्हाचे साहेब म्हणाले, टाकून दे. कुठं टाकायची ते बोलले नाहीत. मुकादमानं ती बैलगाडीतून आणून तीस मैलांवर टाकली आणि गावच्या लोहाराकडून आस सरळ करून घेतला. पूर्वी यात्रेत देवाच्या पालखीला खांदा देण्याच्या मानावरून वरली आळी आणि खालची आळी एकमेकांची डोकी फोडत. आता देव ट्रॉलीत बसतो. पुढं दोन सागवानी वासे मांडायचे, ट्रॉली त्यांवरून सरकली की मागचे उचलून पुढं आणायचे. डावा वासा वरल्या आळीचा, उजवा खालच्या आळीचा. दोन वर्षांत एक डोकं फुटलं नव्हतं.

मी सांगितलं, ट्रॉली न्यावी लागेल, माझी नोकरी जाते.

म्हातारा शांतपणे म्हणाला, “न्या की. पर उद्या देव मिरवू द्या. डोकी फुटायचीच, तर ती तुमी गेल्यावर फुटूंद्यात. तुमास्नी रगात बघवायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हलगीच्या तालावर भैरोबा निघाला. चढ सुखरूप पार पडला. उताराच्या तोंडाशी आठ गडी ट्रॉलीला मागून दोर बांधू लागले, आणि माझ्यातला कारकून जागा झाला. सरकारी ट्रॉलीला दोर बांधणं नियमात बसत नाही, दोर सोडा, ब्रेक आहे, असं मी ठणकावलं.

“आवं, त्यो बिरेक...” मुकादम सांगू लागला.

“सुस्थितीत आहे. माझा शेरा आहे.”

त्यानं गड्यांना दोर सोडायला खुणावलं. “मग तुमीच बसा बिरेकवर.”

बसलो. ट्रॉली उताराला लागली. मी दांडा ओढला, तो मुळासकट हातात आला. वासे मांडणारे दोन्ही आळ्यांचे गडी एकजुटीनं बाजूला उडाले. अशी एकी त्या गावानं पूर्वी दाखवली नसावी. वासे संपले, गाडीवाट संपली, आणि आम्ही वांग्याच्या मळ्यात शिरलो. भैरोबा बैठकीवर तसाच होता. मी वांग्यांत होतो.

कुणी हसलं नाही, हे फार वाईट झालं. मळ्याची मालकीण म्हातारी तेवढी हरखली. देव आपल्या पायानं तिच्या मळ्यात आला होता. देवाला हळदकुंकू वाहून ती मला म्हणाली, “तुमी कशापायी आलासा, बाबा?” डाव्या-उजव्याचा मान विसरून दोन्ही आळ्यांनी ट्रॉली उचलून वाटेवर आणली. मुकादमानं चिखलातला दांडा पुसून माझ्या हाती दिला.

“घ्या. तुमचा शेरा.”

त्यानंतर ट्रॉली मागायला माझी जीभ उचलली नाही. दांडा पिशवीत घालून, मोटर ढकलत, नोकरी गेली असं धरूनच मी परत आलो. वहीत आयुष्यातला पहिला खरा शेरा लिहिला : ‘प्रत्यक्ष पाहिली. ब्रेक नादुरुस्त.’ जागेबद्दल काही लिहिलं नाही. एका दिवसात किती खरं बोलायचं, यालाही मर्यादा असते.

साहेब आले. चहा घेतला, वही चाळली. ‘सुस्थितीत’च्या ढिगात एक ‘नादुरुस्त’ पाहून ते खूश झाले. कुणीतरी जागेवर जाऊन पाहतं तर, म्हणाले. आणि जागेवरून न उठता त्यांनी खाली हुकूम लिहिला : ‘धोक्याची आहे. सदर ट्रॉली कायमची रुळापासून दूर ठेवावी.’

आमच्या खात्यात हुकमाची अंमलबजावणी उशिरा होते, असं लोक म्हणतात. या हुकमाची दोन वर्षं आधीच झालेली होती.

आता दर चैत्रात मी यात्रेला जातो. उतारावर मागचा दोर धरायला मला देतात. ब्रेकपाशी कुणी बसू देत नाही.