जिभेखालचा दोरा

खालच्या मजल्यावर आज भरलेलं पापलेट तळतायत. हिरव्या वाटणाचा वास खिडकीतून आला, तशी माझी मांजर उठून बसली. मला मात्र शिवडीतला तो जुना दवाखाना आठवला.

मी तेव्हा जनावरांची नवखी डॉक्टर होते. एक कोळीण मावशी मासळीच्या टोपलीतून मांजर घेऊन आली. पापलेटात वाटण भरून वर गुंडाळलेला दोरा मांजरीने मसाल्यासकट गिळला होता.

"तोंडातून टोक लोंबत होतं, बाय," मावशी म्हणाली. "जाळ्याचा गुंता सोडवतो तसा हळूहळू ओढला. येईचना."

परकराची नाडी ओढली की कापडाला चुण्या पडतात, तसं दोऱ्याचं एक टोक अडकलं की आतड्याचं होतं. मग ताणलेला दोरा त्याला कापत जातो. दोरा जिभेखाली रुतला होता, आणि पोटाला हात लावताच मला पुढचं कळलं.

मांजर मावशीची बोटं चाटत घुरघुरत होती. मावशीचा चेहरा उजळला. "बघ, तुझा हात लागला तशी बरी झाली."

दुखत असतानाही मांजरं घुरघुरतात, हे मला तिला सांगवेना.

ऑपरेशनच्या टेबलावरून मांजर उठली नाही. मावशीने रिकामी टोपली काखेत घेतली आणि दारातून विचारलं, "गुंगी येईस्तोवर घुरघुरत होती ना गो?"

"होती, मावशी."

खालून तव्याचा चर्र आवाज येतोय. माझी मांजर मांडीत शिरून घुरघुरायला लागली आहे. मी नेहमीसारखं तिचं तोंड उघडते आणि जिभेखाली बघते.