भुलाबाईची एकसष्ट गाणी

चांगलं चालत असलेलं काही मला बघवत नाही. मिक्सर, स्कूटर, घरातलं वायफाय, सगळ्यांनी माझा जाच सोसलेला आहे. मी रायपूरला एका सरकारी कचेरीत नकाशे काढते, पन्नाशीला टेकले आहे, लग्न केलं नाही, आणि तात्यापारा या जुन्या मराठी वस्तीत आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर आई-बाबांबरोबर राहते. स्वभावानं चिडकी आहे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते दिसणारच आहे.

कॉम्प्युटरची एक फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिची नवी आवृत्ती पक्की होण्याआधी ती माझ्यासारख्या हौशी लोकांना वापरून बघायला देतात. तिला बीटा म्हणायचं. आपण वापरायची, कुठे अडली, कुठे पडली ते त्यांना कळवायचं. पैसे मिळत नाहीत, कौतुकही फारसं होत नाही, पण मला त्यात आमटीची पहिली चव घेण्याचा आनंद होतो. त्या वर्षीच्या बीटात पडद्यावरचा सगळा मजकूर मराठीत येणार होता. मग तर मला राहवेना.

कचेरीच्या लॅपटॉपवर असले उद्योग करता येत नाहीत. राहिला घरातला जुना कॉम्प्युटर. त्यातली जुनी सिस्टीम काढायची नव्हती, तिच्या शेजारी जागा करून ही नवी बसवायची होती. म्हणजे मशीन चालू केलं की ते आधी विचारणार, जुनी हवी का नवी. मी हे आईला समजावून सांगितलं.

“म्हणजे एका घरात दोन सवती,” आई म्हणाली. “भांडल्या म्हणजे?”

“भांडत नाहीत. एका वेळी एकच जागी असते.”

“मंग बरं आहे.”

पण त्या कॉम्प्युटरवर बाबांचा हक्क होता. बाबा रेल्वेत गार्ड होते. रिटायर झाल्यावर त्यांनी हे मशीन घेतलं आणि त्याबरोबर आलेल्या एका जुन्या मराठी प्रोग्रामवर दोन बोटांनी टाइप करायला शिकले. त्या प्रोग्रामचा फाँट त्याच्यापुरताच. दुसऱ्या मशीनवर ती फाइल उघडली तर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसायचा. मी त्यांना दहा वेळा म्हटलं, नवीन फाँट शिका. ते म्हणत, “हव, शिकतो,” आणि शिकत नसत.

त्या प्रोग्राममध्ये ते आईची भुलाबाईची गाणी लिहीत होते.

आई अमरावतीकडची. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मातीच्या भुलाबाई-भुलोजीपुढे पोरींनी गाणी म्हणायची, आणि शेवटी बंद डब्यातला खाऊ नुसता डबा हलवून ओळखायचा, हे ती लग्न करून आली तेव्हा इकडे घेऊन आली. आमच्या लहानपणी घरात पाय ठेवायला जागा नसे. दोन वर्षांपूर्वी तीनच पोरी आल्या. त्यातली एक गाणं अर्धं म्हणून थांबली आणि म्हणाली, “दीदी, आगे का नहीं आता.” पुढची ओळ आईनं धरली आणि तीही मध्येच अडली. तेवढ्यात गॅलरीतून बाबांनी ती ओळ सांगितली. पन्नासेक वर्षं पेपर तोंडासमोर धरून बसलेल्या या माणसाला सगळी गाणी येत होती! आई त्यांच्याकडे बघतच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या चहानंतर दोघं कॉम्प्युटरपुढे बसू लागली. आई भाजी निवडत गाणं सांगे, बाबा टाइप करत. एकेका शब्दावरून भांडणं होत. “सासरच्या वाटेवर बाभूळ होती.” “बाभूळ नाही, बोर. मी चाललेली आहे त्या वाटेनं, तुमी नाही.” एखाद्या गाण्याला आठवडा लागे. असं करत दोन वर्षांत एकसष्ट गाणी झाली आणि नवरात्राच्या थोडं आधी शेवटचं संपलं. त्यानंतर आई सकाळी टीव्ही लावायला लागली. बाबा एकटेच मशीनपुढे बसत, फाइल उघडत, अक्षरं मोठी करत, पुन्हा लहान करत. मी ते पाहिलं होतं. माझ्या मनात एवढंच आलं की चला, आता मशीन रिकामं झालं.

नवमीला सुट्टी होती. सकाळीच मी काम काढलं. डिस्कवर नवीसाठी जागा करायची म्हणजे जुनीला आवरून एका बाजूला सरकवायची. याला वेळ लागतो, आणि मध्येच मशीन बंद पडलं तर आतलं सामान विस्कटू शकतं. पडद्यावर तसं स्वच्छ मराठीत लिहूनही आलं होतं, की काम चालू असताना यंत्र बंद करू नये. ते वाक्य वाचून मला इतकं बरं वाटलं की मी आईला हाक मारून दाखवणार होते. पण तिनंच आतून ओरडून मला बाजारातून झेंडूची फुलं आणायला पिटाळलं, आणि मी पिशवी घेऊन स्कूटर काढली. घरात कोणाला एक शब्द सांगून गेले नाही.

आमच्याकडे खांडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेला लागतात. विळी, कात्री, शिलाई मशीन, बाबांची जुनी शिट्टी आणि हिरवा-लाल झेंडा, माझी स्कूटर, आणि घेतल्यापासून कॉम्प्युटरही. पूजा झाली की हत्यारांनी विश्रांती घ्यायची. दसऱ्याला सकाळी पुन्हा हळदकुंकू लावल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. त्या दिवशी भाजीसुद्धा आई हातानं तोडून करते.

मी फुलं घेऊन परत आले तर कॉम्प्युटरच्या कपाळावर कुंकवाचं बोट, वर अक्षता, समोर उदबत्ती. आणि आतून काही आवाज नाही.

“हे बंद कोणी केलं?” मी ओरडलेच.

“मी,” बाबा म्हणाले. “काहून?”

झालं होतं असं, की दहा मिनिटांनी पडदा आपोआप काळा झाला होता. ते मराठी वाक्य त्या काळोखात गेलं. एक बारका दिवा तेवढा लुकलुकत होता. आई कुंकू घेऊन आली, तिला तो दिवा दिसला. “अहो, हे बंद करा ना पह्यले. चालत्या मशीनले कोणी कुंकू लावते काय?” बाबांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. त्याबरोबर वीज गेल्यावर मशीन चालू ठेवणारा खालचा बॅटरीचा डबा टी-टी करायला लागला. दुसऱ्या कोणी तिथेच सोडलं असतं. पण बाबा गार्ड. गाडी पुरती उभी राहिली याची खात्री झाल्याशिवाय ते हलत नाहीत. त्यांनी वाकून डब्याचंही बटण दाबलं.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. नवमीला तोंडातून काढू नयेत असे त्यात शब्द होते. बोलता बोलता माझं मलाच आठवलं. मी माझे सगळे फोटो, सगळे नकाशे आदल्या दिवशी वेगळ्या डिस्कवर काढून ठेवले होते. कचेरीत मी लोकांना सांगत फिरते, कॉपी काढल्याशिवाय मशीनला हात लावू नका. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! बाबांची फाइल त्या जुन्या प्रोग्रामच्या पोटात, त्याच्याच फोल्डरमध्ये होती, आणि तिची कॉपी मी काढली नव्हती. एकसष्ट गाणी, दोन वर्षं, आणि जगात दुसरीकडे कुठेही नाहीत.

मी हे सांगितलं तेव्हा बाबा खुर्चीत बसले. आई उभीच होती.

“आत्ता चालू करून बघते,” मी म्हटलं.

“अजिबात नाही,” आई म्हणाली. “पूजा झाली. आता उद्या.”

“अगं, तुझीच गाणी आहेत!”

“माझेच आहेत म्हणून सांगून राहिली. हात लावायचा नाही.”

मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, “सिग्नल नाही तं गाडी उभी. उद्या पाहू.”

तो दिवस फार लांबला. मी घरात येरझारा घालत होते आणि दर खेपेला त्या कुंकू लावलेल्या डब्याकडे बघत होते. मला माझी लाज वाटत होती आणि ती मी सगळ्यांवर चिडून काढत होते. दुपारी जेवताना आई म्हणाली, “भुलाबाईचा डबा समज. आत काय आहे ते उद्या उघडल्यावर समजेल.” मग बाबांना पोळी वाढत ती म्हणाली, “अन् गेले तं गेले. मी आहे ना. पुन्हा सांगीन सगळे.”

बाबांनी मान वर केली. “सगळे?”

“मंग काय अर्धे?”

दसऱ्याला आईनं हळदकुंकू लावून परवानगी दिली. मी मशीन चालू केलं. जुनी सिस्टीम उठलीच नाही, काळ्या पडद्यावर एक ओळ आली आणि थांबली. मग मी पेन ड्राइव्ह लावून त्यातूनच ती नवी, बीटा, चालू केली. आपण घरात न शिरता खिडकीतून डोकावतो तसं तिच्यातून जुन्या डिस्ककडे बघता येतं. फोल्डर होता. त्यात फाइल होती. मी ती उघडली.

पडदाभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

बाबा शेजारी बसले होते, आई मागे उभी होती. “बिघडलेच ना,” ती म्हणाली, आणि पुरण करपेल म्हणून आत गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग डोकं ताळ्यावर आलं. चिवडा दिसणारच, या नव्या सिस्टीममध्ये बाबांचा फाँट कुठे होता? तोही त्याच फोल्डरमधून शोधला, बसवला, फाइल पुन्हा उघडली. आणि पहिल्या गाण्यापासून एकसष्टाव्यापर्यंत भुलाबाई जशीच्या तशी. बाभळीच्या जागी बोर.

मी आनंदानं आईला हाक मारायला तोंड उघडलं, तर बाबांनी माझा दंड धरला.

“तिले सांगू नको.”

“काय? अहो, मिळाली सगळी!”

“मले दिसून राहिलं.” ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत हळू बोलत होते. “ती पुन्हा सांगीन म्हणाली ना. सांगू दे.”

मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला ती नवरात्राआधीची सकाळ आठवली, टीव्हीचा आवाज आणि अक्षरं लहानमोठी करत बसलेले बाबा. मी मुकाट्यानं फाइल बंद केली. या वेळी आधी तीन ठिकाणी कॉपी काढली. चार दिवसांत जुनी सिस्टीम दुरुस्त झाली, शेजारी नवी बसली, दोघी सुखानं नांदू लागल्या. बीटावाल्यांनाही मी कळवलं, की काम चालू असताना पडदा काळा करत जाऊ नका, आमच्याकडे काळा पडदा दिसला की कुंकू लावतात.

कोजागिरीनंतर सकाळी पुन्हा चहा, पुन्हा भाजी, पुन्हा गाणं सुरू झालं. बाबा नव्या सिस्टीमवर नवीन फाँटमध्ये लिहितात. दहा वर्षं मी सांगून जे शिकले नाहीत ते आठ दिवसांत शिकले. आई नसली की गुपचूप जुनी उघडून एखादी ओळ ताडून बघतात. माझं मन भरून येतं, आणि मी स्कूटर पुसायला खाली जाते.

परवा मेथी निवडताना आईनं विचारलं, “ते मशीन चालू होताना विचारते ना, जुनी का नवी?”

“हो.”

“जुनीत माझे गाणे आहेत ना?”

मला खोटं बोलता येत नाही. मी मेथीची एक जुडी ओढून निवडायला घेतली.

“दसऱ्यालेच समजलं मले,” आई म्हणाली. “दोन वर्षांची मेहनत बुडालेला माणूस चार पुरणपोळ्या खाते काय? वरून तूप मागून घेतलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“काहून बोलू? तूही सांगू नको त्यायले.”

बाहेरून बाबांची हाक आली, “अवो, येतं ना? मशीन लागली.” आईनं हात पदराला पुसले आणि उठली.

“आज तिसऱ्या कडव्यात विसरते मी,” ती मला हळूच म्हणाली. “त्यायले येते ते.”